एका अक्षराने हुकलेले अप्पा

अप्पांनी आयुष्यात फार थोडे निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घेतले होते, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक नंतर कोणीतरी निस्तरला होता. त्यामुळे रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून ते जेव्हा म्हणाले, "हे ॲपचं काम मी एकटा करणार, मला कोणी काही सांगायचं नाही," तेव्हा त्यांच्या बायकोने स्वयंपाकघरातून नुसतं "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये बरंच काही होतं, पण अप्पांच्या कानापर्यंत फक्त शब्द पोचला.

काम तसं साधं होतं. त्यांची एकुलती एक लेक बसने तीन-चार तासांच्या अंतरावर राहायची आणि तिचे दिवस भरत आले होते. मागे तिने सोनोग्राफीचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, तर अप्पांच्या थोरल्या बहिणीने तो "नाक आपल्याकडचं" असं लिहून आणखी तीन ग्रुपवर पाठवला. मग त्या आत्याच्या शेजारणीने नाकाबद्दल वेगळं मत दिलं. नळ दुरुस्त करणारा कुठल्या ग्रुपमध्ये होता कोण जाणे, त्यानेही अंगठा दाखवला. लेक त्या दिवशी रडली, आणि जावयाने सांगून टाकलं की यापुढे बाळाची बातमी फक्त घरच्या माणसांना, आणि तीही नव्या ॲपवर.

जावई संगणकाच्या सुरक्षेचं काम करायचा. माणूस सालस, पण कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून बघणारा. त्याने समजावलं होतं की या ॲपवर लिहिलेलं सगळं कुलूपबंद होऊन जातं आणि त्याची किल्ली फक्त समोरच्याच्या फोनमध्ये असते. ॲप काढणाऱ्या कंपनीलासुद्धा आत काय आहे ते वाचता येत नाही. माणसाची ओळख मात्र ईमेलच्या पत्त्यावरून पटवतात, म्हणून पत्ता नीट भरा.

अप्पांच्या बायकोला अख्खी गल्ली "बाई" म्हणायची, कारण बाहेरच्या खोलीत तिने कितीतरी वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. बाईंनी ॲप घेतलं, पत्ता भरला आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आत त्या ग्रुपमध्ये दाखलही झाल्या. तेव्हापासून त्या भाजी चिरताना फोनकडे बघून हसायच्या. अप्पांनी "काय लिहिलंय?" विचारलं, तर म्हणायच्या, "गुप्त आहे. तुमची पडताळणी झालेली नाही."

हा शब्द अप्पांना फार लागला. कारण पडताळणी हे त्यांचं खातं. ओळखपत्राच्या कचेरीत तपासणीच्या खिडकीमागे त्यांची उभी हयात गेली होती. समोरच्याचा चेहरा बघायचा, कार्डावरचा फोटो बघायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा, पुन्हा चेहरा बघायचा आणि म्हणायचं, "साम्य दिसत नाही." कोणी वजन कमी केलेलं असे, कोणी मिशा काढलेल्या असत, एकजण तर नुसता त्या दिवशी आनंदात होता. अप्पांनी सगळ्यांना पुरावे आणायला परत पाठवलं होतं. अशा माणसाची पडताळणी झालेली नाही, हे त्याच्या बायकोनेच त्याला सांगावं?

तर अप्पा फोन घेऊन खिडकीपाशी बसले. ॲपने फोटो मागितला. त्यांनी नोकरीला लागतानाचा दिला (डोक्यावर भरपूर केस, मान सडसडीत, नजरेत उमेद). मग ईमेलचा पत्ता. अप्पांच्या आडनावात इंग्रजी "ए" हे अक्षर लागोपाठ दोनदा येतं. त्यांच्या बोटाने ते एकदाच दाबलं. बोट जाड आणि अक्षर बारीक, त्यात दोष कोणाचा म्हणायचा? "तुमच्या पत्त्यावर एक लिंक पाठवली आहे, ती उघडून पत्ता तुमचाच असल्याची खात्री करा," असं ॲप म्हणालं. अप्पांनी मेल उघडली. काही नव्हतं. कचरापेटीत बघितलं. तिथेही नव्हतं. आपल्या कचेरीतही कागद पुढे सरकायला वेळ लागतोच, असा विचार करून ते आंघोळीला गेले.

परत येऊन बघतात तर स्क्रीनवर हिरवी खूण. पत्त्याची पडताळणी पूर्ण.

लिंक न उघडताच पडताळणी कशी झाली, हा प्रश्न दुसऱ्या कोणालाही पडला असता. अप्पांना वाटलं, फोटो बघूनच त्यांनी ओळखलं असेल. चांगल्या माणसाची खात्री पटायला वेळ लागत नाही. त्यांनी बाईंना हिरवी खूण दाखवली. बाईंचे हात पिठात होते, त्या लांबूनच "छान" म्हणाल्या.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, की बाबा, तुम्ही ॲपवर सापडत नाही, पत्ता काय दिलात? अप्पांनी पत्ता सांगितला, अर्थात दोन्ही "ए"सकट, खणखणीत आवाजात. त्या पत्त्याचा माणूसच ॲपवर नव्हता. मग लेकीने त्या पत्त्यावर आमंत्रण पाठवलं. अप्पांच्या मेलमध्ये पत्र पडलं: तुमची मुलगी तुम्हाला बोलावते आहे, इथे बटण दाबा. अप्पा हसले. आपण तर आत आहोत, मग हे बाहेरून कोण बोलावतंय? फसवणूक. त्यांनी पत्र पुसून टाकलं आणि पाठवणाऱ्याला कायमचं बंद केलं. तिकडे लेक वाट बघत बसली.

कंटाळून अप्पांनी लेकीचा पत्ता स्वतःच शोधला आणि तिला ॲपवर लिहिलं, "मी बाबा. मला आत घे."

आता तिकडे काय दिसलं असेल ते बघा. बाबांच्या पत्त्यासारखाच पत्ता, फक्त एक अक्षर कमी. फोटो कुठल्यातरी अनोळखी तरुणाचा. आणि घाईघाईने आत घेण्याची मागणी. ठग नेमके असेच येतात, हे जावई आपल्या कंपनीत लोकांना महिन्याआड शिकवायचा. त्याने लेकीच्या हातातून फोन घेतला आणि शांतपणे लिहिलं, "तुम्ही खरंच बाबा असाल, तर आईंचा वाढदिवस सांगा."

अप्पांनी क्षणभरही विचार न करता तारीख लिहिली. खाली "नक्की" असंही लिहिलं. ती तारीख त्यांच्या कचेरीतल्या वार्षिक तपासणीची होती. बाईंचा वाढदिवस त्याच सुमारास कुठेतरी येतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या क्षणी अप्पांवर तिकडून बंदी आली, आणि पलीकडे टेबलावर बाईंचा फोन वाजला. जावई अगदी हळू आवाजात बोलत होता. "आई, घाबरू नका. बाबांच्या नावाने कोणीतरी आमच्याशी बोलतंय. पत्ता एका अक्षराने वेगळा आहे, फोटो दुसऱ्याचाच आहे, आणि त्याने तुमचा वाढदिवस चुकीचा सांगितला."

बाईंनी समोर बघितलं. अप्पा केळं सोलत बसले होते.

"वाढदिवस चुकीचा सांगितला असेल," बाई म्हणाल्या, "तर ते आमचेच आहेत."

मग बाईंनी आपला फोन स्पीकरवर टाकला आणि अप्पांचा हातात घेतला. आयुष्यभर पोरांच्या टायपिंगमधल्या चुका काढलेला डोळा तो. पत्त्यावर गेल्या गेल्या थांबला. "एक 'ए' खाल्लात," त्या म्हणाल्या. अप्पांना हसू आलं, त्यांना वाटलं एवढंच ना. पण जावई पलीकडे हसला नाही. त्याने विचारलं, "मग लिंक कोणी उघडली?"

त्या प्रश्नाने घरातलं हसू संपलं. जावयाने सगळ्यांना समजेल असं सांगितलं. कंपनीला एवढंच कळतं की त्या पत्त्यावर गेलेलं बटण कोणीतरी दाबलं. दाबणारा कोण, हे तिला दिसत नाही. तेव्हा एका अक्षराने कमी असलेल्या पत्त्याचा कोणी माणूस जगात आहे आणि त्याने बटण दाबलेलं आहे. किल्ली बाबांच्या फोनमध्ये आहे, त्यामुळे त्याला आपलं आतापर्यंतचं काही वाचता येणार नाही. पण उद्या तो "पासवर्ड विसरलो" म्हणाला, तर कंपनी कोड त्यालाच पाठवणार, आणि मग आपल्यापुढे बाबा म्हणून तोच येऊन उभा राहणार.

लेक फोनवर आली. तिचा आवाज थकलेला होता. "बाबा, ते खातं तेवढं बंद करून टाका. मी हॉस्पिटलात कॉटवर पडल्यावर मला याचा विचार नको."

ती रागावली असती तर अप्पांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. हातातलं केळं त्यांनी तसंच बशीत ठेवलं.

खातं बंद करायलाही कोड लागत होता, आणि कोड अर्थातच त्याच पत्त्यावर जात होता. तेव्हा त्या परक्या माणसाला विनंती करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. अप्पा मजकूर सांगू लागले, "उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की," आणि बाईंनी टाइप केलं, "नमस्कार. आमच्या चुकीमुळे तुम्हाला त्रास झाला आहे, मदत कराल का?"

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. परका माणूस म्हणजे एक दातांची डॉक्टर होती. आडनाव तेच, फक्त ती ते एकाच "ए"ने लिहायची. शहरही हेच, बाजाराच्या मागच्या रस्त्यावर दवाखाना. तिने लिहिलं होतं की रविवारी लिंक आली तेव्हा एखाद्या पेशंटच्या नोंदणीची असेल असं वाटलं, आणि कोणाचं काम अडायला नको म्हणून दाबून टाकली. त्यानंतर "तुमच्यासाठी संदेश आहे" असं पत्र आलं. आत काय लिहिलंय ते दिसत नव्हतं, पण कोणीतरी कोणाच्यातरी उत्तराची वाट बघतंय, या विचाराने तिलाच चुटपुट लागली होती. कोड आत्ताच आलाय. मात्र तो कोणालाही सांगू नये असं त्याच पत्रात ठळक लिहिलंय. "तेव्हा तुम्ही तेच कशावरून? कृपया ओळखपत्र घेऊन दवाखान्यात या."

अप्पा चिडले. एवढं सभ्य पत्र लिहिलं, तरी माणसावर विश्वास म्हणून नाही. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नुसतं बघितलं. अप्पांनी चपला घातल्या.

दवाखाना छोटासा, स्वच्छ, लवंगेच्या वासाचा. डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीहून थोडी मोठी असेल. तिने ओळखपत्र घेतलं आणि दिव्याखाली तिरकं धरलं. कार्ड बघितलं, अप्पांकडे बघितलं, पुन्हा कार्ड बघितलं. अप्पांना घाम फुटला. आपण आपणच आहोत हे माहीत असूनही, समोरचा बघत असताना आपण कोणी दुसरेच आहोत असं वाटू लागतं, हे त्यांना आजपर्यंत माहीत नव्हतं. खिडकीच्या त्या बाजूला त्यांचं कधी जाणंच झालं नव्हतं.

"कान जुळतात," डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाली, आणि अप्पांना तिचे पाय धरावेसे वाटले.

तिने कार्ड ट्रेमध्ये ठेवलं. बसायला दुसरी जागा नव्हती म्हणून अप्पांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि कोड वाचून दाखवला. अप्पांनी तो चुकीचा भरला. दुसरा कोड मागवला. तो भरेपर्यंत त्याची मुदत संपली. तिसरा तिने स्वतः भरला. खातं बंद झालं आणि अप्पांनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरच्या बेसिनवरचा कागदी पेला हलला. मग तिथेच त्यांनी नवं खातं उघडायला घेतलं, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत. डॉक्टरीणबाई खांद्यावरून बघत होती. "आता तीन झाले," ती म्हणाली. अप्पांनी एक खोडला. त्यांनी मेलमध्ये घातलेली बंदी तिने उठवल्यावर या वेळी लिंक त्यांच्याच मेलमध्ये पडली, त्यांनीच दाबली, आणि हिरवी खूण आली. आधीही ती अशीच दिसली होती, पण आता तिचा अर्थ त्यांना कळत होता.

ते मोठ्याने हसले. तिथेच घात झाला. उघड्या तोंडात डॉक्टरीणबाईला काहीतरी दिसलं. "ही दाढ दुखत नाही?" तिने विचारलं. अप्पा म्हणाले, मुळीच नाही. तिने बारीक हत्याराने नुसता स्पर्श केला, आणि अप्पांनी जो आवाज काढला त्याने बाहेर बसलेला एक पेशंट उठून घरी गेला. एवढी मदत केलेल्या बाईला नाही कसं म्हणायचं? इंजेक्शन झालं. जीभ, गाल, ओठ सगळं दुसऱ्याचं झालं. दाढ निघाली, तिच्या जागी कापसाचा बोळा बसला, आणि तेवढ्यात बाईंचा फोन आला.

"तिला हॉस्पिटलमध्ये नेलंय. मी पिशवी घेऊन निघाले. तुम्ही तिथूनच बसस्टँडवर या."

"ओ. आओ ई," अप्पा म्हणाले.

"कोण बोलतंय?"

"ई. अआ."

"हे बघा, यांचा फोन तुमच्याकडे कसा आला?" बाईंचा आवाज चढला. डॉक्टरीणबाईने फोन घेतला आणि सांगितलं की माणूस तोच आहे, ओळखपत्र तपासलेलं आहे, फक्त तोंड बधिर आहे.

बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले, गालावर रुमाल धरून. शेजारी बाई, मांडीवर पिशवी. ग्रुपवर जावयाने शेवटचं लिहिलं होतं, "आत नेलं आहे." त्यानंतर काही नव्हतं. बाई फोन पिशवीत ठेवत, लगेच बाहेर काढत. डोंगर संपले, उसाची शेतं लागली, तीही संपली. बाईंची बोटं पिशवीच्या बंदावर हलत होती, जणू तिथे टाइपरायटर आहे. अप्पांनी ती बोटं बघितली. मग त्यांनी आपला फोन बाईंपुढे धरला.

लेकीने बाईंना ग्रुपमध्ये माणूस घेण्याची मुभा दिलेली होती. पण जावयाची शिस्त अशी की समोरासमोर पडताळणी झाल्याशिवाय कोणाला घ्यायचं नाही. दोघांच्या फोनवर आकड्यांची एक लांबलचक ओळ दिसते. ती तंतोतंत सारखी असली, तर मधे कोणी तिसरा नाही. नुसता कॅमेरा धरूनही हे होत होतं, पण गाडी हादरत होती आणि पडद्यावरचा काळ्या ठिपक्यांचा चौकोन काही पकडला जाईना. तेव्हा बाईंनी आकडे वाचायला सुरुवात केली. एकेक गट सावकाश, टायपिंगच्या क्लासात वाचायच्या तशा. अप्पा बधिर तोंडाने "आं" म्हणत आपल्या फोनवर बोट पुढे सरकवत होते. एवढा वेळ एकमेकांकडे लक्ष देऊन ती दोघं कित्येक दिवसांत बसली नव्हती.

शेवटचा गट झाला. "जुळलं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी अप्पांना आत घेतलं.

अप्पांच्या फोनवर ग्रुप उघडला. रिकामाच होता, मागचं काही दिसत नव्हतं. ते त्या रिकाम्या जागेकडे बघत असतानाच दोन्ही फोन एकदम थरथरले.

मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. खाली फोटो होता: कापडात गुंडाळलेला लालबुंद चेहरा, डोळे घट्ट मिटलेले, आणि नाक (आत्याची क्षमा मागून) कोणाकडचंच नाही.

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. अप्पांना हसायचं होतं, पण हसू एकाच बाजूने आलं आणि दुसऱ्या बाजूने पाणी. कालपासून छातीवर ठेवलेलं काहीतरी कोणीतरी उचलून नेलं होतं. आता खातं बंद, परका माणूस सज्जन, लेक ठीक, बाळ ठीक. त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. "आनंद झाला" एवढंच लिहायचं होतं. गाव येईपर्यंत ते लिहून झालं.

हॉस्पिटलच्या दारात रखवालदारीण बसली होती. भेटायला येणाऱ्याचं ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम. बाईंनी आपलं दाखवलं, पास गळ्यात अडकवला. अप्पांनी वरचा खिसा बघितला, मग आतला, मग पिशवीतला डबासुद्धा उघडून बघितला. त्यांचं ओळखपत्र दातांच्या दवाखान्यात, ट्रेमध्ये, दाढेच्या शेजारी होतं. त्यांनी फोन काढून हिरवी खूण दाखवली. रखवालदारीण म्हणाली, असली खूण तिच्या नातवाच्या फोनवरही आहे. आपण स्वतः ओळखपत्राच्या कचेरीत तपासणीला होतो, हेही अप्पांनी सांगितलं. बधिर ओठांतून त्यातलं किती बाहेर आलं असेल, देव जाणे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि बाईंना विचारलं, "हे कोण तुमचे?"

बाई लेकीला बघायला घायकुतीला आल्या होत्या. त्यांनी अप्पांकडे एकदा नखशिखान्त बघितलं: सुजलेला गाल, विस्कटलेले केस, शर्टावर दातांच्या डॉक्टरचं निळं कापड अजून तसंच.

"आमचेच आहेत," त्या म्हणाल्या.

बाईमाणसाच्या शब्दावर रखवालदारीण विरघळली. पण माणसांचे पास संपले होते. तिने खण धुंडाळला, दुसरंच एक कार्ड काढलं, त्यावर पेनाने काहीतरी लिहिलं आणि अप्पांच्या गळ्यात घातलं. ते वाचण्याइतका धीर अप्पांना नव्हता. ते बाईंच्या मागोमाग जवळजवळ पळतच जिना चढले.

लेक उशीला टेकून बसली होती, चेहरा ओढलेला पण डोळे लखलखीत. जावयाने उठून अप्पांच्या हातात बाळ दिलं. काही विचारलं नाही, काही तपासलं नाही. बाळाने एक डोळा किंचित उघडला, अप्पांकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. हरकत घेतली नाही. अप्पांना वाटलं, आता कुठल्याही खिडकीत उभं केलं तरी चालेल.

लेक मात्र त्यांच्या गळ्यातलं कार्ड वाचत होती. तिच्या ओठांचे कोपरे हलू लागले. "आई, हे बघ," ती म्हणाली, आणि तिने मोठ्याने वाचलं, "सामान. मालक: बाळाची आजी. जाताना आठवणीने सोबत न्यावे."

"राहू दे इथेच," बाई बाळावरची नजर न काढता म्हणाल्या, "घरी त्याला जागा फार लागते."